बटरक्रीमवर फाँडंटची सजावट टिकत नाहीये, तातडीने मदत हवी आहे

निळी_छत्री:
केक उद्या दुपारी द्यायचाय. बटरक्रीम लावून झालंय. त्यावर फाँडंटचे (कणकेसारखा मळून लाटता येणारा साखरेचा गोळा) ढग, चांदण्या आणि एक हत्ती बसवायचाय. ढग लावले की थोड्या वेळात खाली सरकतात आणि क्रीमवर रेघ ओढत जातात. पाणी लावलं तर आणखीच घसरले. जो तो वेगळं सांगतो. नेमकं कशाने चिकटवायचं तेवढंच सांगा प्लीज, हातात वेळ नाहीये.

ओव्हनवाली:
ढग वर ठेवताय की बाजूने लावताय? जाडी किती? बटरक्रीम कुठलं, लोणी आणि आयसिंग शुगरचं की अंड्याच्या पांढऱ्याचं स्विस मरँग? हे कळल्याशिवाय सांगणं कठीण आहे.

रविवारची_भट्टी:
रॉयल आयसिंग (अंड्याचा पांढरा आणि आयसिंग शुगर फेटून केलेलं) लावा आणि मोकळे व्हा. मी कायम तेच वापरतो. वाळलं की सिमेंटसारखं धरतं.

साखरपेरणी:
भट्टी, फाँडंटवर फाँडंट लावताना मान्य. बटरक्रीमवर अजिबात नाही. रॉयल आयसिंगला लोण्या-तुपाचं वावडं असतं. क्रीममधला स्निग्धांश त्यात मुरला की ते नीट कडक होत नाही आणि तुकडा सुटून येतो.

रविवारची_भट्टी:
माझे आजवर सुटले नाहीत.

साखरपेरणी:
तासाभरात केक कापला जात असेल तर काहीही टिकेल. यांना उद्यापर्यंत टिकवायचंय.

चहा_हवाच:
मुळात फाँडंट खातं कोण? सगळे सोलून ताटलीच्या कडेला ठेवतात. बटरक्रीमचेच ढग काढा ना, गोल नॉझलने सुरेख येतात आणि चिकटवायची भानगडच नाही.

निळी_छत्री:
ढग तयार आहेत हो, आता नवीन डिझाइन नको. ढग आणि चांदण्या बाजूने, वर फक्त हत्ती. क्रीम साधंच, लोणी आणि आयसिंग शुगर. ढग फुगीर दिसावेत म्हणून जाड ठेवलेत, अर्ध्या बोटाएवढे. काल केले, आता कडक झालेत.

ओव्हनवाली:
इथेच मेख आहे. केक गोल, ढग सपाट आणि कडक. तो फक्त मधोमध टेकतो, कडा अधांतरी राहतात, आणि एवढं वजन मऊ क्रीम पेलू शकत नाही. चिकटवायला काहीही घेतलंत तरी तो उतरणारच. बाजूचे तुकडे २-३ मिमी जाडीचे लाटा आणि लवचीक असतानाच लावा, म्हणजे केकच्या गोलाईवर नीट बसतील. फुगीरपणा हवा असेल तर एकावर एक दोन पातळ थर द्या.

आधी केक फ्रिजमध्ये ठेवून क्रीम चांगलं घट्ट होऊ द्या. तुमच्या क्रीमने एव्हाना वर कोरडा पापुद्रा धरला असेल, त्यावर नुसता तुकडा चिकटत नाही. म्हणून त्याच बटरक्रीमचा ताजा टिपका ढगाच्या मागे लावा, पण कडेपासून जरा आत, नाहीतर दाबल्यावर बाहेर डोकावतो. बोटांनी दाबू नका, ठसे उमटतात. तळव्याने हलकेच दाबून क्षणभर धरा. चांदण्या हलक्या असतील तर आहेत तशा याच पद्धतीने बसतील.

पाणी मात्र नको. लोण्याच्या थरात ते मुरत नाही, उलट फाँडंटची साखर विरघळून मागची बाजू बुळबुळीत होते.

कणीक_तिंबा:
काळा फाँडंट हवा असेल तर पांढऱ्यात काळा रंग ओतत बसू नका. आधी चॉकलेटी करा, मग काळा मिसळा.

निळी_छत्री:
काळं काहीच नाहीये माझ्याकडे. हत्तीचं सांगा कुणीतरी!

साखरपेरणी:
हत्तीत सीएमसी घातलंय का?

निळी_छत्री:
ते काय असतं? नुसत्या फाँडंटचा आहे. साधारण मुठीएवढा.

साखरपेरणी:
सीएमसी पावडर, काही जण टायलोज म्हणतात. पाव किलो फाँडंटला एक छोटा चमचा मळून घेतली की वस्तू लवकर वाळते आणि आकार धरते. आता हत्ती झालाच आहे तर तो उघड्यावर वाळू द्या, फ्रिजमध्ये नको. मुठीएवढा म्हणजे भरीव आणि जड. नुसता ठेवलात तर रुतेल. त्याच्याखाली पातळ केक-कार्डाची चकती ठेवा आणि चकतीखाली केकच्या उंचीएवढे जाड स्ट्रॉ कापून खुपसा, भार त्यांच्यावर जाईल. तोल जात असेल तर पायातून लांब काडी घाला, पण केक घेणाऱ्याला ती आहे हे नक्की सांगा. लहान मुलं खाणार असतील तर टूथपिक टाळा, न शिजवलेली स्पगेटी घाला.

रविवारची_भट्टी:
आणि फ्रिजचा सल्ला देताय, पण बाहेर काढल्यावर फाँडंटला घाम सुटतो त्याचं काय? गडद रंग ओघळतात.

ओव्हनवाली:
सुटतो, बरोबर आहे. म्हणून फ्रिजमध्ये ढग लावण्याआधी ठेवायचा. नंतर ठेवावाच लागला तर बंद खोक्यात ठेवा आणि बाहेर काढल्यावर खोकं लगेच उघडू नका, बाष्प खोक्यावर जमतं. तरी घाम आलाच तर पुसू नका, पंख्याखाली आपोआप वाळतो.

निळी_छत्री:
पातळ ढग पुन्हा कापले आणि टिपका लावून बसवले. बराच वेळ झाला, जागचे हलले नाहीत. फक्त आधीच्या रेघा दिसतायत, त्यांचं काय करू?

ओव्हनवाली:
क्रीम गार असतानाच स्क्रॅपर (क्रीम सपाट करायची पट्टी) गरम पाण्यात बुडवून कोरडा पुसा आणि रेघेवरून एकदाच फिरवा. नाहीच गेली तर तिथे एक चांदणी लावा. हत्ती केक पोचल्यावरच ठेवा, गाडीत नाही.

दुपारची_झोप:
धागा वाचतेय. हेच सगळं व्हिप्ड क्रीमवर चालेल का?

साखरपेरणी:
नाही. त्यातल्या पाण्याने फाँडंट विरघळतो. त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे यांचा केक आधी होऊ दे.