सरावाची कुलपं : विकत घेण्याआधी किल्ली बघा

किल्लीशिवाय, हत्यारांनी कुलूप उघडायला तुम्ही शिकताय; त्यासाठी ऑनलाइन मिळणारं पारदर्शक सराव-कुलूप महाग वाटतंय, त्याला स्वस्त पर्याय काय, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते ते घेऊच नका. आतली रचना समजायला ते छान, पण पिना (किल्लीनं वर-खाली सरकणाऱ्या आतल्या छोट्या दांड्या) इतक्या सैल असतात की बोटांना खरा अंदाज येत नाही.

पुण्यात असाल तर बुधवारी किंवा रविवारी जुन्या बाजारात जा. किल्ली हरवलेली कुलपं इतरांच्या काही कामाची नसतात, त्यामुळे भंगाराच्या भावात मिळतात. फक्त पहिलं कुलूप किल्लीसकट घ्या. चपटी, करवतीसारखे दाते असलेली किल्ली म्हणजे बहुधा पिनांचं कुलूप. गोल दांडा आणि टोकाला पातं असेल तर ते लिव्हरचं, म्हणजे पिनांऐवजी आत सरकत्या पट्ट्या असलेलं. आपल्याकडची जुनी दणकट कुलपं बरीचशी अशीच. त्याला वेगळी हत्यारं लागतात, नवशिक्यानं तिथे अडकू नये.

सगळ्यात चांगला सौदा म्हणजे दाराच्या कुलपाचा जुना सिलिंडर, म्हणजे ज्यात किल्ली घालतो तो भाग. किल्ल्या हरवल्या की लोक तो बदलतात. ओळखीच्या सुताराला किंवा हार्डवेअरवाल्याला सांगून ठेवा. हा उघडून पिना काढता येतात: आधी एकच पिन ठेवा, जमलं की दुसरी घाला. एकाच सिलिंडरवर कितीतरी महिने शिकता येतं.

स्वतःच्या दाराच्या, वापरातल्या कुलपावर मात्र सराव नको. स्प्रिंग बिघडली तर घराबाहेर अडकाल. आणि हत्यारं रात्री खिशात घेऊन फिरू नका, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १२२ (रात्री घरफोडीची हत्यारं बाळगण्याबद्दलचं) एकदा वाचा.