'अँड जस्टिस फॉर ऑल'च्या रीमास्टर आवृत्तीत तरी बेस ऐकू येतो का?

टिळकवाडीकर:

नमस्कार. मेटालिका या अमेरिकन हेवी मेटल गटाच्या 'अँड जस्टिस फॉर ऑल' या १९८८ च्या अल्बमविषयी एक शंका माझ्या मनात अनेक वर्षे आहे. आता पैसे खर्च करण्याची वेळ आल्यामुळे ती येथील जाणकारांपुढे ठेवतो.

१९९६ साली धारवाडला शिकत असताना वसतिगृहातील एका हुबळीच्या मित्राने हा अल्बम मला नव्वद मिनिटांच्या कोऱ्या कॅसेटवर उतरवून दिला होता. आम्ही दोघे कन्नड आणि मराठी मिसळून बोलत असू आणि बोलण्याचा विषय बहुतेक वेळा हेच संगीत असे. ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे. बेळगावच्या पावसात फितीच्या कडेला पांढरी बुरशी धरली आणि फितीला मागून दाब देणारा नमद्याचा छोटा तुकडा निखळून पडला, तेव्हा घरातील पेटीच्या दुरुस्तीतून उरलेला नमदा कापून मी तेथे चिकटवला. आवाज पुन्हा लागला, परंतु मूळची तक्रार तशीच राहिली. गिटार आणि ड्रम कानावर आदळतात, गायन स्पष्ट येते, पण बेस गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही. हा दोष कॅसेटवर उतरवून घेताना आला असावा, असे मी कित्येक वर्षे समजत होतो. पुढे सी.डी. विकत घेतली आणि तिच्यावरही बेस नाहीच हे लक्षात आले, तेव्हा मला खरोखर वाईट वाटले.

या अल्बमची रीमास्टर केलेली आवृत्ती २ नोव्हेंबर २०१८ रोजी निघाली. ती साध्या सी.डी.वर, दोन एल.पी.वर, तीन सी.डी.च्या विस्तारित रूपात आणि ६ एल.पी., ११ सी.डी. व ४ डी.व्ही.डी. असलेल्या मोठ्या डिलक्स संचातही निघाली आहे. माझा धाकटा भाऊ दिवाळीला परदेशातून येणार असून त्याच्याबरोबर यांपैकी एक आवृत्ती मागवण्याचा विचार आहे. नव्या आवृत्तीत बेस वर आणला आहे का, आणि नसल्यास ती घेण्यासारखी आहे का, हे कृपया सांगावे.

शहापूरचा ध्वनिमुद्रक:

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे. त्याचे कारण थोडे विस्ताराने सांगतो, कारण रीमास्टर आणि रीमिक्स या दोन शब्दांतील गोंधळामुळे अनेक श्रोते चुकीच्या अपेक्षेने खरेदी करतात.

गाणे मुद्रित होताना प्रत्येक वाद्य आणि प्रत्येक आवाज वेगळ्या ट्रॅकवर घेतला जातो. हे सर्व ट्रॅक कमीअधिक पातळीवर एकत्र करून डावी आणि उजवी अशा दोनच बाजू तयार करणे म्हणजे मिक्सिंग. त्या दोन बाजूंच्या तयार ध्वनीवर अखेरचा हात फिरवणे म्हणजे मास्टरिंग. रीमास्टर करणारा तंत्रज्ञ त्या दोन बाजूंनाच हात लावू शकतो. एकंदर खालचे स्वर थोडे वाढवणे, वरची धार कमी करणे, पातळी उचलणे, जुन्या टेपवरून अधिक चांगल्या यंत्राने ध्वनी उतरवून घेणे, इतके त्याच्या हातात असते. बेस तेवढा उचलायचा असेल तर मूळ मल्टिट्रॅक टेप काढून पुन्हा मिक्सिंगच करावे लागते आणि २०१८ च्या आवृत्तीत ते केलेले नाही.

माझा स्वतःचा एक अनुभव सांगतो. आठ-नऊ वर्षांपूर्वी एका भजनी मंडळाचे ध्वनिमुद्रण मी केले होते. मिक्सिंगच्या वेळी टाळांची पातळी माझ्याकडून जास्त राहिली. दोन वर्षांनी मंडळाची माणसे आली आणि बुवांचा आवाज टाळांच्या वर काढून द्या, असे म्हणाली. तोपर्यंत वेगवेगळे ट्रॅक असलेली हार्ड डिस्क बिघडली होती आणि माझ्याकडे केवळ दोन बाजूंची तयार फाइल उरली होती. मी वरचे स्वर कापले तेव्हा टाळ दबले, पण बुवांच्या उच्चारांतील 'स' आणि 'श'ही त्यांच्याबरोबर दबले. 'विश्वाचे आर्त' या शब्दांतला 'श्व' तोंडात घास असल्यासारखा ऐकू येऊ लागला. दोन ध्वनी एकाच पट्ट्यात मिसळले की एकाला सोडून दुसऱ्याला स्पर्श करता येत नाही, हे मी त्या दिवशी नीट शिकलो. हल्ली एकत्र झालेले ध्वनी संगणकाने वेगळे करण्याच्या पद्धती आल्या आहेत, पण त्यांनी वेगळ्या केलेल्या आवाजावर ओरखडे राहतात.

'जस्टिस'मध्ये नेमकी हीच अडचण आहे. बेस गिटारच्या सर्वांत जाड तारेचा स्वर सुमारे ४१ हर्ट्झचा, तर साध्या गिटारच्या जाड तारेचा सुमारे ८२ हर्ट्झचा असतो. बेसवादक जेसन न्यूस्टेड यांनी बहुतेक ठिकाणी गायक-गिटारवादक जेम्स हेटफिल्ड यांच्या गिटारचीच चाल खालच्या सप्तकात, प्लेक्ट्रमने (तार छेडण्याच्या छोट्या पट्टीने), त्याच लयीत वाजवली आहे. हेटफिल्ड यांच्या गिटारचा आवाजही मधला भाग पोकळ ठेवून खालचा आणि वरचा भाग फुगवलेला आहे, त्यामुळे बेसच्या वाट्याची जागा गिटारनेच व्यापली आहे. त्यात मिक्सिंगमध्ये बेसची पातळीही अगदी खाली नेली गेली. अल्बमचे निर्माते फ्लेमिंग रासमुसेन होते, परंतु मिक्सिंग स्टीव्ह थॉम्पसन आणि मायकेल बार्बिएरो यांनी केले. बेस खाली आणण्याची सूचना ड्रमवादक लार्स उलरिक यांची होती, असे थॉम्पसन यांनी पुढे मुलाखतींत जाहीरपणे सांगितले आहे. म्हणजे त्या दोन बाजूंच्या मूळ टेपवरच बेस नाममात्र आहे. जे तेथे नाही ते मास्टरिंगने येणार नाही.

खरेदीविषयी एक सावधगिरी. रीमास्टर करताना पातळी उचलण्याचा मोह मोठा असतो आणि पातळी उचलली की हलका व मोठा आवाज यांतील अंतर कमी होते. याच गटाच्या २००८ च्या 'डेथ मॅग्नेटिक' अल्बमची पातळी इतकी चढवली होती की आवाज फाटल्यासारखा येत असे आणि व्हिडिओ गेममध्ये आलेली त्याच गाण्यांची कमी दाबलेली आवृत्ती अनेक श्रोत्यांना जास्त आवडली. म्हणून जुनी आणि नवी प्रत ताडून पाहायची असेल, तर दोन्हींचा आवाज कानाला सारखा वाटेल इतका जुळवून घ्या. जी प्रत मोठ्याने वाजते ती आपल्या कानाला आधी चांगलीच वाटते.

खानापूर रोड:

शहापूरच्या मित्रांनी तांत्रिक बाजू उत्तम मांडली आहे. मला मात्र वाटते की तीस वर्षांनी एवढा मोठा संच काढताना गटाने मूळ टेप उघडून एक स्वतंत्र रीमिक्स त्यात द्यायलाच हवे होते.

२७ सप्टेंबर १९८६ रोजी स्वीडनमध्ये गटाच्या बसला अपघात झाला आणि बेसवादक क्लिफ बर्टन त्यात गेले. त्यांच्या जागी आलेल्या न्यूस्टेड यांचा गटाबरोबरचा हा पहिला पूर्ण अल्बम. पहिल्या गाण्याच्या रचनाकारांत त्यांचे नाव आहे आणि त्याच गाण्यात त्यांचे वादन शोधावे लागते. घरातील कर्ता माणूस गेल्यावर त्याच्या जागी बसलेल्याला जेवायला वाढले, पण ताटाकडे कोणी पाहिले नाही, तसे हे मला वाटते. पुढे ते २००१ पर्यंत गटात राहिले आणि थेट कार्यक्रमांत त्यांचा बेस किती भक्कम होता ते १९८९ च्या सिअ‍ॅटलच्या ध्वनिमुद्रणात ऐकता येते.

३० ऑक्टोबर २०११ रोजी मेटालिकाचा कार्यक्रम बेंगळुरूच्या पॅलेस ग्राउंडवर झाला, तेव्हा मी रात्रीच्या गाडीने तेथे गेलो होतो. तोपर्यंत बेसवर रॉबर्ट त्रुहियो आले होते. याच अल्बममधील 'वन' सुरू झाले आणि दुसऱ्या भागात ड्रमचे ते बंदुकीसारखे ठोके आले, तेव्हा बेसचा धक्का पायांखालच्या जमिनीतून पोटऱ्यांपर्यंत चढला. पंधरा वर्षे पाठ असलेल्या गाण्याला खालून आधार कसा असू शकतो हे मला त्या मैदानावर कळले. मुंबई-बेंगळुरूएवढी साधने आपल्या भागात नसली, तरी हे संगीत मनापासून ऐकणारे येथे कमी नाहीत, आणि त्या सर्वांना हा आधार एकदा तरी घरी ऐकायला मिळावा असे मला वाटते. काही चाहत्यांनी बेस वाढवून स्वतः केलेल्या आवृत्त्या इंटरनेटवर फिरत असतात, त्या ऐकल्यावर तर गटाने हे स्वतः करावे असे अधिकच वाटते.

निपाणीची श्रोती:

खानापूर रोड यांची कळकळ मला समजते, परंतु मूळ मिक्सिंगला हात न लावण्याचा निर्णय योग्य होता असे माझे मत आहे आणि त्याला कारण आहे.

२००२ साली हेवी मेटल गायक ऑझी ऑस्बॉर्न यांच्या पहिल्या दोन एकल अल्बमच्या नव्या आवृत्त्या निघाल्या, तेव्हा बॉब डेझ्ली यांचा मूळ बेस आणि ली कर्सलेक यांचे मूळ ड्रम काढून त्या जागी इतर वादकांकडून नव्याने वाजवून घेतलेले ट्रॅक घालण्यात आले. त्यांत बेस वाजवणारे रॉबर्ट त्रुहियोच होते. श्रोत्यांना ते मुळीच रुचले नाही आणि २०११ च्या आवृत्त्यांत मूळ वादन परत आणावे लागले. मेगाडेथ या दुसऱ्या मेटल गटाच्या जुन्या अल्बमचे २००४ मध्ये रीमिक्स झाले, त्यांतही काही ठिकाणी गायन नव्याने केलेले आहे आणि १९९० चा 'रस्ट इन पीस' ज्यांनी मूळ रूपात ऐकला त्यांना तो फरक बोचतो. एकदा दुरुस्ती सुरू झाली की ती कोठे थांबवायची हे ठरवणे अवघड होते, आणि दुकानात नवी प्रत आली की जुनी हळूहळू मिळेनाशी होते.

बेस दबलेला असला तरी या अल्बमला त्याचे स्वतःचे रूप आहे. कोरडे, टोकदार, हाडे दिसावीत असे. न्याय विकला जातो, युद्धात माणसाचे हातपाय आणि वाचा जाते, अशा विषयांची ही गाणी आहेत आणि त्यांना तो कोरडेपणा शोभतो. आपल्याकडे गायनाच्या खाली खर्जाच्या तारेने भरलेली जमीन कानाला सवयीची असते. बेळगावजवळच्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचे गाणे ऐकत मी वाढले, तेथे तंबोरा गाण्याआधीच सगळी खोली भरून टाकतो. त्या कानांना 'जस्टिस' प्रथम उघडा वाटतो हे खरे, पण पाचव्या-सहाव्या वेळी तो उघडेपणाच लक्षात राहतो. वेगळे रीमिक्स मूळ प्रतीच्या सोबत, तिची जागा न घेता, निघाले तर मीही ते आनंदाने ऐकेन.

टिळकवाडीकर, आपल्यासाठी तीन सी.डी.ची विस्तारित आवृत्ती मला योग्य वाटते. रीमास्टर केलेल्या नऊ गाण्यांबरोबर निर्मितीच्या टप्प्यांतील कच्ची ध्वनिमुद्रणे आणि त्या काळातील थेट कार्यक्रमांचे मुद्रण त्यात मिळते. मोठ्या संचात ध्वनिमुद्रणांबरोबर जाड पुठ्ठ्याचे पुस्तक आणि इतर संग्राह्य वस्तू आहेत. तो जमा करणाऱ्यांसाठी आहे. आपल्याकडे चांगला टर्नटेबल असेल तर दोन एल.पी.चा विचार जरूर करावा. अल्बम सुमारे ६५ मिनिटांचा आहे. चार बाजूंवर तो विभागला की एका बाजूला साधारण सोळा मिनिटे येतात, खाचांना मोकळी जागा मिळते आणि खालचे स्वर दाबावे लागत नाहीत.

टिळकवाडीकर:

आपण सर्वांनी इतक्या आपुलकीने आणि तपशिलाने लिहिले, याबद्दल मनापासून आभार. शहापूरच्या मित्रांनी सांगितल्याप्रमाणे काल रात्री घरातील सर्व निजल्यावर जुनी सी.डी. आणि इंटरनेटवरील रीमास्टर आवृत्ती एकाच हेडफोनवर आळीपाळीने ऐकली. नवी प्रत मोठी वाजत होती, म्हणून तिचा आवाज दोन घरे खाली घेतला.

पहिल्या गाण्याच्या आरंभी उलट्या फिरवलेल्या गिटारींचा जो थर दुरून वर येतो, त्यातील वेगवेगळे स्वर नव्या प्रतीत अधिक सुटे झाले आहेत. पायाच्या ड्रमचा तो लाकडावर नख मारल्यासारखा टकटक आवाज मात्र तसाच आहे. 'वन'च्या आरंभीचा शांत भाग मला जुन्या सी.डी.वरच अधिक आवडला, कारण तेथे गिटारच्या तारेवरून बोट सरकल्याचा आवाज विरून गेल्यावर क्षणभर खरी शांतता येते. बेस शोधण्यासाठी मी एकच तुकडा अकरा वेळा ऐकला. गिटार थांबते तेथे अर्ध्या क्षणापुरती खाली एक घरघर उरते आणि पुढचा ठोका येताच ती झाकली जाते. इतकी वर्षे मी तिला टेपचा आवाज समजत होतो. तो न्यूस्टेड यांचा हात आहे.

भावाला तीन सी.डी.ची आवृत्ती आणायला सांगितली आहे.

शहापूरचा ध्वनिमुद्रक:

उत्तम निर्णय. सी.डी. आल्यावर एखाद्या रविवारी सकाळी स्टुडिओत घेऊन या. माझ्या स्पीकरवर चाळीस हर्ट्झपर्यंतचे स्वर नीट ऐकू येतात, तेव्हा ती घरघर हेडफोनपेक्षा जास्त स्पष्ट होईल. खानापूर रोड आणि निपाणीच्या ताईंनाही जमल्यास अवश्य यावे. आपली जुनी कॅसेटही आणा, पण तोपर्यंत ती कोणत्याही चांगल्या यंत्रात लावू नका, कारण बुरशी हेडवर बसते आणि त्यानंतर लावलेल्या प्रत्येक कॅसेटला लागते. आधी ती पेन्सिलीने हळूहळू पूर्ण गुंडाळून मोकळी करू, कडा मऊ कोरड्या कापडाने पुसू आणि मग माझ्या जुन्या डेकवर एकदाच वाजवून तिची डिजिटल प्रत काढून ठेवू.