‘अवर सोल्स ॲट नाइट’: मुलाचं काय चुकलं म्हणे!

पडवी
परवा एका वाचनगटात केंट हारुफ या अमेरिकन लेखकाच्या या कादंबरीवर कुणीतरी लिहिलं होतं, “भाषा सुंदर, पण सत्तरीतल्या विधवेने शेजाऱ्याला रात्री झोपायला बोलवावं हे काय? एकटं वाटतं तर नातवात रमावं. मुलगा चिडला यात त्याचं काय चुकलं?” दोन दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय.

ती विधवा, ॲडी, शेजारच्या लुईसकडे मागते काय? झोप लागेपर्यंत अंधारात बोलायला कुणीतरी. एवढंच. तो पहिल्या रात्री पायजमा आणि ब्रश कागदी पिशवीत घालून मागच्या गल्लीतून येतो. ती म्हणते, पुढच्या दाराने ये. जन्मभर लोकांचा विचार करून ती थकली आहे. मला सगळी कादंबरी त्या पुढच्या दारात दिसते.

आणि नातवात रमायचं? आईबाप वेगळे झाल्यामुळे रात्री रडत उठणाऱ्या जेमीला सावरतं कोण? लुईसच ना! उंदराची पिल्लं दाखवतो, कुत्री मिळवून देतो. हारुफ नोव्हेंबर २०१४ मध्ये गेले, पुस्तक २०१५ मध्ये आलं. शेवटच्या काही महिन्यांत लिहिलेलं आहे ते. त्यात फालतू एक वाक्य नाही.

किल्लेदार
मीही वाचलंय, दोनदा. ॲडीच्या मुलाला, जीनला, खलनायक करून मोकळं होणं सोपं आहे. लहानपणी त्याच्याशी खेळता खेळता बहीण रस्त्यावर धावली आणि गाडीखाली गेली. त्यानंतर बापाने त्याला जवळ केलं नाही. हे सोयीस्कर विसरता. शिवाय लुईस काय धुतल्या तांदळासारखा आहे? बायको-मुलगी घरात असताना दुसऱ्या बाईकडे राहायला गेला होता. सगळ्या होल्ट गावाला माहीत होतं. जीनला शंका येणारच.

आणि पैशाची शंका घेणं पाप नाही. माझे मामा ७१ व्या वर्षी एका बाईंसोबत राहायला लागले. आम्हीही कौतुक केलं. मामा गेल्यावर कळलं, सोसायटीत मामांच्या फ्लॅटला त्या बाईंचं नाव नॉमिनी म्हणून लागलंय. मामेभावाची सहा वर्षं कोर्टात गेली.

दप्तरी
नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वारसांच्या वतीने सांभाळणारा. हे कितीदा सांगायचं? वारस ठरतो मृत्युपत्राने, नाहीतर वारसा कायद्याने. हिंदू वारसा कायद्यात सोबत राहणाऱ्या जोडीदाराला काहीच नाही, लग्न केलं तर बायकोला मुलांइतका वाटा. म्हणून तर पुष्कळ मुलं ‘राहा, पण लग्न नको’ म्हणतात. मामांनी दोन साक्षीदारांपुढे मृत्युपत्र केलं असतं तर बराच त्रास वाचला असता. नोंदणी सक्तीची नाही, मुद्रांक लागत नाही.

ओसरीवरचा
दप्तरीसाहेब, उलटं झालं तर? आमच्या काकूंनी फ्लॅट मुलाच्या नावे बक्षीसपत्राने दिला, आता त्यांनाच स्वयंपाकघरात पाय ठेवू देत नाहीत.

दप्तरी
२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ बघा. सांभाळण्याच्या अटीवर दिलं असेल आणि सांभाळत नसतील, तर न्यायाधिकरण ते रद्द करू शकतं. पण अट कागदावर असलेली बरी. ‘मुलगाच आहे’ म्हणून कुणी लिहीत नाही, तिथेच घात होतो.

ओसरीवरचा
मुलाकडून अट लिहून घ्यायची? कुठल्या तोंडाने?

दप्तरी
ज्या तोंडाने सही केली त्याच.

पडवी
पुरे करा हो! ॲडीच्या एकटेपणावर लिहिलं आणि तुम्ही बक्षीसपत्रावर पोचलात. किल्लेदार, तुमच्या मामांना शेवटची वर्षं जेवायला कोण वाढत होतं, औषधं कोण देत होतं, ते एका शब्दाने लिहिलं नाहीत. फ्लॅट तेवढा आठवला.

किल्लेदार
तोंड सांभाळून. मामांसाठी मी दवाखान्यात रात्री काढल्यात.

(तासाभराने) बाई त्यांची काळजी घेत होत्या, हे खरं. लिहायला हवं होतं. पण ॲडीने शेवटी मुलासमोर मान तुकवली, तेही मला पटलेलं नाही. नातू भेटणार नाही म्हटल्यावर लगेच लुईसला सोडते? मग पुढच्या दाराचं एवढं काय?

पडवी
तो प्रश्न योग्य आहे. मलाही तिथे तिचा राग आला. पण तुटलेल्या खुब्यासह मुलाच्या गावी एका खोलीत पडलेली ॲडी रात्री चोरून लुईसला फोन करतेच. दार बंद झालं, बोलणं नाही.

सांजवात
इतका वेळ नुसतं वाचत होते. मी ती जीन आहे.

आई गेल्यावर चार वर्षांनी बाबा बागेतल्या एका काकूंबद्दल बोलायला लागले. निवृत्त शिक्षिका. दोघं सकाळी शब्दकोडं सोडवायचे. दादाने आणि मी बाबांना समोर बसवून सांगितलं, आम्हाला सासरी तोंड दाखवायचंय. बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून बागेत जाणं बंद. आम्हाला वाटलं, मिटलं.

ते गेल्यावर त्यांचा फोन माझ्याकडे आला. ‘केमिस्ट’ नावाचा एक नंबर होता. रोज रात्री साडेनऊला, वीस-पंचवीस मिनिटं. मी औषधाच्या दुकानाला उधारी विचारायला म्हणून लावला. पलीकडून त्या काकू म्हणाल्या, “आज उशीर केलास?” त्यांना कुणी कळवलंच नव्हतं.

किल्लेदार
मग काय सांगितलंत?

सांजवात
फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले.