मदत हवी आहे: सनीव्हेलमधला कॉन्डो आणि न मिळालेला बाल्कनी अहवाल

कॅलिफोर्नियातली सांता क्लारा काउंटी, विकत घेत असलेल्या कॉन्डोची (सामाईक इमारतीतला मालकीचा फ्लॅट) किंमत ९ लाख डॉलर, २० टक्के डाउन पेमेंट. ७.२ लाखांच्या कर्जाचा ६.५ टक्क्यांनी ३० वर्षांसाठी हप्ता ४,५५१ डॉलर. प्रॉपर्टी टॅक्स विकणाऱ्याच्या जुन्या बिलावरून नाही, नव्या किमतीच्या १.२ टक्क्यांनी धरलाय: महिना ९००. एचओएची (इमारतीतल्या मालकांचा संघ) महिन्याची वर्गणी ६२०. इथवर झेपतं, वर मोठी स्पेशल असेसमेंट (मोठ्या खर्चासाठी संघाने मालकांकडून मागितलेली जादा रक्कम) आली तर नाही.

बाल्कनीखालच्या प्लास्टरवर तपकिरी ओघळ आहेत, म्हणजे आतल्या लाकडात पाणी मुरत असू शकतं. एसबी ३२६ (कॉन्डो इमारतींच्या बाल्कन्यांच्या तपासणीचा कॅलिफोर्नियाचा कायदा) प्रमाणे पहिली तपासणी १ जानेवारी २०२५ पर्यंत व्हायला हवी होती. एजंटकडे त्या तपासणीचा अहवाल दोनदा मागितला. आला फक्त रिझर्व्ह स्टडीचा (मोठ्या दुरुस्त्यांसाठी संघाकडे किती पैसे साठलेत आणि किती लागतील याचा अभ्यास) सारांश, त्यात बाल्कन्यांचा उल्लेखच नाही. होम इन्स्पेक्टर सामाईक भाग उघडून बघत नाही. कॉन्टिन्जन्सी (डिपॉझिट न गमावता सौद्यातून बाहेर पडता येण्याची अट) काढायला सहा दिवस उरलेत.

पूर्ण अहवाल मिळेपर्यंत मुदतवाढ कुणी लेखी मिळवली आहे का? आणि एचओएच्या मिटिंगचे मिनिट्स (इतिवृत्त) किती महिने मागचे मागावेत?