ली-एनफिल्ड मार्क ३ स्टार: चालवण्याजोगी आहे का, आणि किंमत कशावर ठरते?

जुनाट

.३०३ ची एक ली-एनफिल्ड घ्यायचा विचार आहे. मालकीची कागदपत्रं चोख आहेत, त्यामुळे तो विषय नको. बट सॉकेटवर (कुंदा ज्यात बसतो तो लोखंडी भाग) ताज, बी.एस.ए. (बर्मिंगहॅमचा कारखाना), १९१८ आणि मार्क ३ स्टार असे छाप आहेत. बोल्टच्या दांड्यावरचा नंबर रिसीव्हरशी (बोल्ट ज्यात सरकतो तो मुख्य सांगाडा) जुळत नाही, शेवटचे दोन आकडे वेगळे. पुढच्या लाकडात, चेंबरच्या जरा खाली, आडवा पितळी स्क्रू आरपार गेलाय. नळी आतून काळपट आहे पण आटे (गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा) दिसतात. लाकूड तेलकट, काळं पडलेलं.

दोन प्रश्न. गोळी झाडायला सुरक्षित आहे की नाही हे नक्की कसं ठरवायचं? आणि विकणारा म्हणतो "पॉलिश केली की दुप्पट होईल", त्यात कितपत तथ्य आहे?

मोजपट्टी

आधी चेंबर आणि मॅगझिन रिकामं आहे ते डोळ्यांनी बघा, करंगळी घालूनही बघा. मग छाप वाचा. सॉकेट, नळी, बोल्ट, लाकूड, कुठेही "डी.पी." दिसलं तर विषय संपला. ती कवायतीची बंदूक. अशा बंदुकांच्या नळीला भोक पाडलेलं किंवा फायरिंग पिन कापलेली असू शकते, आणि सुटे भाग बदलून ती पुन्हा "चालू" केलेली असली तरी मूळ रिसीव्हर बाद का ठरवला होता ते कुणालाच सांगता येत नाही. "ई.वाय." असेल तर ती रायफल-ग्रेनेड फेकायला वापरलेली. तो मार रिसीव्हरने खाल्लेला असतो, तीही झाडायला नको.

तुमचा आडवा स्क्रू घाबरण्यासारखा नाही. इशापूरच्या कारखान्यातून दुरुस्त होऊन निघालेल्या बंदुकांत तो सर्रास दिसतो, लाकूड चिरू नये म्हणून घातलेला. म्हणजे १९१८ ची बी.एस.ए. पुढे कधीतरी भारतात पुन्हा बांधली गेली. बोल्टचा नंबर जुळत नाही म्हटल्यावर मात्र हेडस्पेस मोजल्याशिवाय एकही काडतूस घालू नका.

.३०३ हे रिमवालं काडतूस. हेडस्पेस म्हणजे बोल्टच्या तोंडापासून, नळीच्या मागच्या ज्या काठावर रिम बसते तिथपर्यंतचं अंतर. लष्करी मोजमापात .०६४ इंचाच्या गेजवर बोल्ट पूर्ण बंद झाला पाहिजे आणि .०७४ च्या गेजवर होता कामा नये. मधे फक्त दहा थाऊ (इंचाचे हजारावे भाग).

आता चुकतं कुठे ते सांगतो. ही बंदूक बोल्ट पुढे ढकलताना कॉक होते, म्हणजे पिनची स्प्रिंग दबते. स्प्रिंगचा जोर हाताला लागतो आणि गेज अडला की स्प्रिंग अडली हे कळत नाही. म्हणून आधी बोल्टहेड (बोल्टचं पुढचं सुटं टोक) उलगडून फायरिंग पिन आणि स्प्रिंग काढा (त्यासाठी खाचा असलेली नळीसारखी खास चावी लागते, पक्कडीने ओढाल तर पिन वाकेल), एक्स्ट्रॅक्टरही (रिकामी केस ओढणारा आकडा) काढा. रिकामा बोल्ट परत घाला, गेज ठेवा आणि दांडा दोन बोटांनी खाली आणा. वजनाने जाईल तितकाच जाऊ द्यायचा. तळवा लावलात तर .०७४ वरही "बंद" होईल, कारण थोडी धातू दबते.

नंतर लग्ज, म्हणजे बोल्टला रिसीव्हरमध्ये अडकवून धक्का झेलणारे उंचवटे. या बोल्टला मागच्या बाजूला डावीकडे आखूड लग आणि उजवीकडे लांब धार असते. दोन्हींच्या मागच्या पृष्ठभागावर मार्करची शाई लावा, गेज ठेवून दांडा चार-पाच वेळा वरखाली करा. दोन्हीकडची शाई पुसली गेली पाहिजे. एकाच बाजूची पुसली तर सगळा धक्का तिथेच बसतोय. बदललेल्या बोल्टचं खरं दुखणं हे. बोल्टहेड बदलून हेडस्पेस जुळवता येतो, लग्ज नाही. नं. ४ रायफलला ० ते ३ आकड्यांची बोल्टहेडं मिळतात, नं. १ ला (तुमची मार्क ३ स्टार ही नं. १ च) आकडे नसतात, चार-पाच घालून बघत बसावं लागतं. आणि बोल्टहेड हाताने घट्ट केल्यावर धारेच्या रेषेच्या फार पुढे फिरत असेल (लष्करात २० अंशांपर्यंत चालवून घेत) तर भार बोल्टहेडच्या खांद्यावर न येता त्याच्या स्क्रूच्या आट्यांवर येतो. ते हेड फेकून द्या.

नळीदार

मोजपट्टींनी मागची बाजू घेतली, मी पुढची घेतो.

"काळपट पण आटे दिसतात" यावरून काही ठरत नाही. आधी साफ करा, मग बोला. ब्राँझचा ब्रश, तांबं काढणारं द्रावण, रात्रभर मुरू द्या, सकाळी चिंधी. निळीहिरवी चिंधी निघते तोवर चालू ठेवा. बरीचशी "गंजकी" नळी ही तांब्याची आणि जुन्या ग्रीसची असते. साफ झाल्यावर बारीक खरखरीत दिसली तरी ती बऱ्यापैकी नेम धरते.

नळीतून खिडकीच्या उजेडाकडे बघा आणि सावकाश फिरवा. कुठे गडद कडं किंवा सावलीचं वर्तुळ दिसलं तर तो फुगवटा. आत काहीतरी अडकलेलं असताना कुणीतरी गोळी झाडली होती. बाहेरून बोटालाही लागतो, पण या बंदुकीला पूर्ण नळीभर लाकूड असल्याने ते उतरवल्याशिवाय कळणार नाही. फुगवटा म्हणजे नळी बाद.

झीज दोन टोकांना वेगवेगळ्या कारणांनी होते. चेंबरच्या पुढचा भाग कॉर्डाइटच्या (काडतुसातली जुनी दारू) उष्णतेने खाल्ला जातो. तोंडाकडचा भाग साफसफाईच्या दोरीने. दोरी नेहमी एकाच बाजूने ओढली की भोक लंबगोल होतं, आणि नेम जातो तो बहुधा त्यामुळे. .३११ ची सुटी गोळी टोकाकडून नळीच्या तोंडात घाला. अंगाला लागून अडली आणि बराचसा भाग बाहेर राहिला तर ठीक. डुगडुगत जवळजवळ पूर्ण आत गेली तर तोंड गेलं.

शिशाची गोळी ठोकून माप काढणार असाल तर एक गोम आहे. एनफिल्डच्या नळीला पाच खाचा असतात, डावीकडे फिरणाऱ्या. पाच म्हणजे विषम, खाचेसमोर खाच येतच नाही. साध्या मायक्रोमीटरने घेतलेलं माप कमी भरतं आणि माणूस "वा, घट्ट नळी आहे" म्हणून खूश होतो. व्ही आकाराचा मायक्रोमीटर लागतो.

जुनाट

दोघांचेही आभार. .०६४ वर सहज बंद झाला. .०७४ वर दांडा साधारण अर्ध्यावर थांबतो. शाई दोन्हीकडची गेली, डावीकडची थोडी कमी. डी.पी. कुठे नाही, नळीत कडं दिसलं नाही. लाकूड उतरवायला आधी कुंदा काढू का?

लाकूडतोड्या

थांबा! कुंदा आधी काढू नका. नं. १ मध्ये कुंद्याच्या लांब बोल्टचं (कुंदा सॉकेटला आवळणारा, वरचा सरकता बोल्ट नव्हे) पुढचं टोक चौकोनी असतं आणि ते पुढच्या लाकडातल्या पट्टीत अडकलेलं असतं. पुढचं लाकूड बसलेलं असताना तो बोल्ट फिरवलात की पुढचं लाकूड मागून उभं चिरतं. आधी नोजकॅप (नळीच्या तोंडाकडची लोखंडी टोपी), मधले बँड, ट्रिगर गार्ड, मग पुढचं लाकूड सरळ खाली. कुंदा शेवटी, तोही खरंच गरज असेल तर.

लाकूड सुटलं की आत बघा. रिसीव्हरच्या मागे दोन्ही बाजूंना धक्का झेलणारे दोन चौकोनी टेकू असतात. ते तेलाने मऊ पडून दबले की लाकूड मागे सरकतं, सॉकेटला टेकतं आणि प्रत्येक गोळीला फाटत जातं. नोजकॅपमागच्या लाकडात एक छोटी स्प्रिंग आणि खुंटी असते, ती हमखास हरवलेली असते. ट्रिगर गार्डच्या पुढच्या स्क्रूभोवतीची कॉलरही बघा. ती नसेल तर स्क्रू आवळताना लाकूड चेपतं.

पॉलिशबद्दल: विकणाऱ्याला खुशाल बोलू द्या, तुम्ही सँडपेपर हातात घेऊ नका. लाकडावरचे तपासणीचे छाप, कडांची धार, धातू आणि लाकडाची समपातळी, संग्राहक पैसे मोजतो ते याचे. एकदा घासलं की लाकूड धातूपेक्षा खाली जातं आणि लांबूनही कळतं. नव्याने ब्लूइंग (धातूला निळसर-काळा रंग) केलेली आणि व्हार्निश मारलेली बंदूक दुप्पट नाही, कमीच होते. चिंधीवर मिनरल टर्पेंटाइन घेऊन वरचा मळ काढा, मग कच्च्या जवस तेलाचे पातळ हात द्या, दोन हातांत दिवसभराचं अंतर. (तेलाच्या चिंध्या गोळा करून ठेवू नका, आपोआप पेटतात. पसरून वाळवा.)

किंमत ठरते नंबरांवर. रिसीव्हर, बोल्ट, नोजकॅप, मागच्या साइटची पट्टी आणि पुढच्या लाकडाची खालची बाजू. पाचही जुळले तर उत्तम. तुमचा बोल्ट वेगळा, म्हणजे वरच्या श्रेणीतून गेली. जुना नंबर काट मारून शेजारी नवा ठोकलेला असेल तर ते कारखान्यातलं काम, त्याचा कमीपणा नाही. नंबर घासून सपाट केलेला असेल तर मात्र हात लावू नका. नळीवरचं सालही बघा. १९१८ नसेल तर नळी बदललेली, जी चालवणाऱ्याला फायद्याची आणि संग्राहकाला तोट्याची. लाकूड कापून शिकारी बंदूक केलेली नाही, हा तुमच्या मालाचा मोठा गुण.

फटाका

एवढा खटाटोप कशाला? टायरला बांधा, लांबून दोरीने ट्रिगर ओढा, दोन गोळ्या झाडा. टिकली तर चांगली.

मोजपट्टी

फटाकेराव, टिकली एवढंच कळतं, उद्या टिकेल का ते नाही. दोरीची चाचणी वर सांगितलेल्या मापांनंतर करायची, त्यांच्याऐवजी नाही. आणि खरी माहिती रिकाम्या केसमध्ये असते. बुडापासून अर्ध्या इंचाच्या आत चकचकीत कडं उमटलंय का? पेपरक्लिपचं टोक वळवून केसच्या आतल्या भिंतीवरून ओढा, तिथे खड्डा लागला तर केस तिथून तुटायच्या बेतात आहे. पिनचा ठसा बघा: प्रायमर (केसच्या बुडातली ठिणगीची टोपी) आरपार फुटला असेल तर पिन जास्त बाहेर येतेय. ती .०४० ते .०५० इंच बाहेर यायला हवी.

जुनाटराव, तुमची मापं लष्करी मर्यादेत बसतात. डावा लग थोडा कमी टेकतोय, तो अजून एकदा दिव्याखाली बघा आणि उजव्या बाजूला, लांब धार जिथे टेकते त्या रिसीव्हरच्या कोपऱ्यात केसासारखी चीर आहे का ते भिंगाने तपासा. पातळ तेल लावून कोरडं पुसा, दहा मिनिटांनी चीर असेल तर तेलाची रेघ वर येते. ती नसेल आणि शस्त्रकारागिराने एकदा हाताळली तर साध्या दाबाच्या काडतुसांसाठी हरकत दिसत नाही. केस पुन्हा भरणार असाल तर प्रत्येक केस दर वेळी क्लिपने तपासा, कारण .३०३ चं चेंबर मुळातच सैल असतं.

नळीदार

जुनी लष्करी काडतुसं वापरणार असाल तर प्रायमरमधलं मीठ नळीत उरतं. तेलाने ते विरघळत नाही, पाण्याने विरघळतं. त्याच दिवशी चेंबरकडून उकळतं पाणी ओता, कोरडी चिंधी फिरवा, मग तेल. बोल्टचं तोंड विसरू नका, गंज सुरू होतो तो तिथूनच.