रस्टमध्ये बेस कुठे टाकू? मदत हवी आहे

मंडळी, रस्ट या ऑनलाइन गेममध्ये आम्ही दोघंच खेळतो, मी आणि धाकटा भाऊ. गेल्या वाइपला (सर्व्हर पुसून नव्याने सुरू झाला तेव्हा) रस्त्याच्या कडेला बेस, म्हणजे आमचा तळ, टाकला होता. बॅरल फोडून स्क्रॅप (गेममध्ये चलनासारखं वापरतात ते भंगार) पटापट मिळायचं, पण येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा डोळा आमच्यावरच. तिसऱ्या रात्री आम्ही ऑफलाइन असताना साफ लुटले गेलो. गंमत म्हणजे पत्र्याच्या दारांना कुणी हातही लावला नव्हता. एका दाराला ४ सॅचेल (स्फोटकं) लागतात, एवढा खर्च कोण करतो! मागच्या एका दगडी भिंतीची मऊ (सहज फुटणारी) बाजू बाहेर राहिली होती (चूक माझीच, भाऊ अजून टोमणे मारतो). तिथून कुदळीने पोखरत आत आले आणि टूल कबर्डच (बेसवर हक्क देणारं कपाट) ताब्यात घेतलं.

आता बर्फाळ भागात जावं म्हणतोय. तिकडे दगड-धातू मिळेल, पण थंडीचे कपडे हवेत आणि कापडासाठी हेंपची रोपं शोधत फिरावं लागेल. की मॉन्युमेंटपासून (लूट मिळणाऱ्या मोठ्या ठिकाणांपासून) लांब, डोंगराच्या कुशीत बांधू? २ बाय २ चा बेस आणि भोवती हनीकोंबचा (जादा भिंतींचा) एक थर केला तर दोघांना रोजचा अपकीप (बेस टिकवायला लागणारं सामान) झेपेल का? लूट एकाच खोलीत ठेवता की वाटून?

दोघा-तिघांत खेळणाऱ्यांनी जरूर सांगा. मोठ्या क्लॅनच्या युक्त्या आम्हाला परवडत नाहीत.