फ्रँकलिनसारखी गुणांची वही: पान कसं आखायचं, आणि ती मध्येच का सुटते?

रेघोटी: स्वभावातले दोष कमी करायला अठराव्या शतकातला अमेरिकन मुत्सद्दी बेंजामिन फ्रँकलिन वही ठेवायचा. तेरा गुण आणि रोजची नोंद, एवढंच ठाऊक आहे. पान आखायचं कसं? तेराही गुण एकदम धरायचे का? अशा वह्या दोन-तीन आठवड्यांत बंद का पडतात?

समास: प्रत्येक गुणाला एक पान. सात उभे रकाने वारांचे, तेरा आडव्या ओळी गुणांच्या. चूक झाली की त्या वाराच्या घरात काळा ठिपका. आठवडाभर लक्ष एकाच गुणावर, त्याची ओळ कोरी राहील असं वागायचं. बाकी बारा ओळींत ठिपके मांडायचे, पण त्यांच्यामागे धावायचं नाही. 13 आठवड्यांत एक फेरी, वर्षात चार.

क्रमही मुद्दाम लावलेला होता. आधी खाण्यापिण्यातला संयम, कारण डोकं ताळ्यावर असलं की पुढचं सोपं. मग मितभाषण, मग व्यवस्थितपणा (यानेच त्याला सर्वांत छळलं). खोडून खोडून कागदाला भोकं पडायला लागली, तेव्हा तो हस्तिदंती पानांवर शिसपेन्सिलीने ठिपके देऊ लागला. ते ओल्या स्पंजने पुसले जायचे.

आडवी_ओळ: आखणी सोपी आहे हो, वही बुडते ती शब्दांमुळे. ‘शांत राहणे’ असं लिहिलंत की रात्री स्वतःशीच वकिली सुरू होते. त्याऐवजी ठिपका कशाला पडणार ते आधी लिहा: ‘समोरच्याचं वाक्य तोडलं’, ‘आवाज चढवला’, ‘करतो म्हणून केलं नाही’. तिथे बसलेल्या तिसऱ्या माणसाला जे दिसलं किंवा ऐकू आलं असतं, तेच मोजायचं.

या आखणीत एक खोट आहे. कोरं घर म्हणजे चूक झाली नाही, की नोंदच राहिली? दोन्ही सारखंच दिसतं. म्हणून नोंद केल्यावर वाराच्या नावाखाली बारीक बरोबरची खूण करा. चुकलेला दिवस आठवून भरू नका, तिरकी रेघ मारून पुढे जा. सुरुवातीला ठिपके भरपूर पडतील, कारण नजर नुकती बसलेली असते. आपल्यात इतके दोष असतील असं फ्रँकलिनलाही वाटलं नव्हतं. बहुतेक जण इथेच वही मिटतात.

कंदील: नुसते ठिपके मला अपुरे वाटतात. चूक किती वेळा झाली ते कळतं, कशामुळे झाली ते नाही. प्राचीन रोमचा तत्त्वज्ञ सेनेका रात्री दिवा गेल्यावर अख्खा दिवस तपासायचा: अमक्या वादात जरा जास्तच तावातावाने बोललास, पुन्हा असं करू नकोस, या वेळी माफ. प्रसंग, कारण, पुढची सूचना, मग विषय बंद. तेव्हा पानामागे दिवसाला एकच ओळ लिहा: ठिपक्याच्या लगेच आधी काय घडलं? भूक, घाई, कुणाचा टोमणा? आठवड्याने त्याच ओळी वाचून एक वाक्य बनवा: ‘टोमणा आला की आधी प्रश्न विचारीन, उत्तर नंतर.’

रेघोटी: आणि नम्रता? ती कशी मोजणार?

आडवी_ओळ: मनातली नाही मोजता येत. एका क्वेकर (हा एक ख्रिस्ती पंथ) मित्राने फ्रँकलिनला ‘तू गर्विष्ठ आहेस’ म्हटल्यावर हा तेरावा गुण यादीत आला. ‘नक्कीच’, ‘निःसंशय’ हे शब्द टाळून ‘मला वाटतं’ म्हणायचं, असं त्याने ठरवलं. नम्रतेचं सोंग बरं जमलं, खरी नम्रता फारशी नाही, हे त्याचं स्वतःचंच म्हणणं. ठिपका त्या शब्दांना द्या. सुरुवातीला तेरा नकोत, चार गुण घ्या आणि फेरी चार आठवड्यांची करा.